लीप सेकंद हद्दपार होतोय: बरं झालं की वाईट?

काटेकोर

बातमी तशी जुनी. नोव्हेंबर २०२२ मध्ये व्हर्सायला वजनमापांची सर्वसाधारण परिषद भरली होती, तिथे ठराव झाला की २०३५ पर्यंत लीप सेकंदाची सध्याची पद्धत मोडीत काढायची. तेव्हा कुणी फारसं मनावर घेतलं नाही. पण अलीकडे "आज इतिहासातला सर्वांत छोटा दिवस!" छापाच्या बातम्या अधूनमधून येतात आणि त्यांवर जी मतं वाचायला मिळतात ती वाचून राहवलं नाही.

ज्यांना हे प्रकरण नवीन आहे त्यांच्यासाठी दोन ओळी. जगाचं अधिकृत घड्याळ, म्हणजे यूटीसी, अणुघड्याळाच्या सेकंदावर चालतं. सीझियमच्या एका ठरावीक प्रारणाची ९,१९,२६,३१,७७० आवर्तनं झाली की एक सेकंद, ही व्याख्या १९६७ ची. पृथ्वीला मात्र इतकी शिस्त नाही, ती कधी रेंगाळते, कधी घाई करते. म्हणून १९७२ पासून असा करार आहे की अणुघड्याळ आणि पृथ्वीचं फिरणं यांतला फरक ०.९ सेकंदापलीकडे जाऊ द्यायचा नाही. तसा जायला लागला की जून किंवा डिसेंबरच्या अखेरीस एक सेकंद जादा घुसवायचा. त्या रात्री २३:५९:५९ नंतर ००:००:०० न येता २३:५९:६० येतात. आजवर असे २७ सेकंद घातले गेले. शेवटचा ३१ डिसेंबर २०१६ ला, त्यानंतर एकही नाही.

माझं मत सरळ आहे: जातोय ते उत्तम. "एका सेकंदाने काय बिघडतं" हा प्रश्नच चुकीच्या जागी विचारला जातो. बिघडतं ते त्या सेकंदामुळे नाही, तो क्वचित येतो म्हणून. संगणकात जे रोज घडतं ते सहसा मोडत नाही, मोडलं तर दुपारपर्यंत कुणीतरी दुरुस्त करतं. जे तीन-चार वर्षांतून एकदा घडतं, ज्याचं वेळापत्रक आधी मांडता येत नाही आणि ज्याची सूचना पृथ्वीचं फिरणं मोजणाऱ्या पॅरिसच्या संस्थेकडून जेमतेम सहा महिने आधी येते, ते हमखास अंगाशी येतं. ज्या कोडची पहिली खरी चाचणी थेट मैदानात, जगभर एकाच क्षणी होते, तो कोड नीट चालेल अशी अपेक्षा तरी कशी करायची?

बोला आता.

शंकासुर

प्रश्न चुकीच्या जागी असेल, पण मी तोच विचारणार. माझ्या मनगटावरचं घड्याळ महिन्याला पंधरा-वीस सेकंद इकडेतिकडे होतं आणि माझं काही अडत नाही. मोबाइलचं घड्याळही आपलं आपण जुळवून घेतं. म्हणजे वेळ मागेपुढे करायची सवय यंत्रांना आहेच. मग या एका सेकंदाचंच एवढं काय?

रातपाळी

शंकासुर, ३० जून २०१२ ची रात्र आठवून पाहा. रेडिट, लिंक्डइन, मोझिला, येल्प सगळे एकदम अडखळले. क्वान्टास विमान कंपनीचं चेक-इन बंद पडलं आणि विमानतळावर हाताने पास लिहायची वेळ आली. कारण हाच एक सेकंद.

नेमकं काय झालं ते सांगतो, कारण किस्सा झकास आहे. बहुतेक सर्व्हर ज्यावर चालतात त्या लिनक्स प्रणालीच्या गाभ्याने (कर्नलने) सेकंद घुसवला, म्हणजे घड्याळ एक सेकंद मागे घेतलं. पण गाभ्यातच बारीक अवधी मोजणारी जी वेगळी यंत्रणा असते तिला ही बातमी कुणी दिलीच नाही. ती आपली एक सेकंद पुढेच. आता एखादा प्रोग्राम म्हणाला, "मला अर्ध्या सेकंदाने उठव." ही यंत्रणा बघते तर तो क्षण तिच्या हिशेबाने कधीच होऊन गेलेला! लगेच उठवते. प्रोग्राम उठतो, काम काही नाही, पुन्हा म्हणतो अर्ध्या सेकंदाने उठव. पुन्हा लगेच उठवते. असं सेकंदाला हजारो वेळा. जावा आणि मायएसक्यूएल चालवणाऱ्या सर्व्हरचे प्रोसेसर काहीही काम न करता शंभर टक्क्यांवर जाऊन बसले.

आणि उपाय? तारखेची आज्ञा वापरून घड्याळाला तीच वेळ पुन्हा सांगायची, जी त्यात आधीच आहे. बस. घड्याळ हाताने लावलं की गाभा सगळ्या यंत्रणांना कळवतो, मग सगळे जुळतात. कित्येक जणांनी हे माहीत नसल्याने सरसकट मशीन रीस्टार्ट करत रात्र काढली.

मनगटावरचं घड्याळ पुढेमागे झालं तर त्याला कुणी साक्षीला बोलवत नाही. सर्व्हरच्या घड्याळावर हजार गोष्टी टांगलेल्या असतात.

ध्रुवतारा

मी दुसऱ्या बाजूने बोलणार, इथे बहुधा एकटाच असेन.

रातपाळींनी सांगितलेल्या किश्शात चूक कुणाची आहे? लिनक्सच्या गाभ्यात बग होता. शिक्षा कुणाला? पृथ्वीला! म्हणजे मोजपट्टी वाकडी निघाली म्हणून भिंतच हलवायची. लीप सेकंद १९७२ पासून आहे, आजच्या बहुतेक प्रोग्रामिंग भाषांच्या कितीतरी आधीपासून. नियम लिखित आहे, जाहीर आहे. युनिक्सवाल्यांनी, म्हणजे लिनक्सच्या पूर्वज प्रणालीच्या कर्त्यांनी, ठरवलं की दिवस म्हणजे ८६,४०० सेकंदच, कधीच ८६,४०१ नाही. तो हट्ट त्यांचा. आणि मग लीप सेकंद आला की तोच आकडा दोनदा मोजायचा, आणि वर तक्रार करायची की वेळ मागे गेली.

दुर्बिणीकडून बघा. पृथ्वी एका सेकंदात १५ विकला (विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग) फिरते. विषुववृत्तावरची जमीन तेवढ्या वेळात साडेचारशे मीटरहून जास्त सरकते. आज हौशी माणसाची दुर्बीणही यूटीसी घेते आणि तीच पृथ्वीची वेळ समजून तारा शोधते, कारण फरक एका सेकंदाच्या आत आहे अशी हमी आहे. ती हमी काढून घेतली की जगभरच्या वेधशाळांतलं जुनं सॉफ्टवेअर शोधून शोधून दुरुस्त करावं लागणार. रेडिओवरून जे वेळेचे संकेत जातात त्यांत या फरकासाठी दशांश सेकंदांपुरतीच जागा ठेवलेली आहे. फरक एकाच्या वर गेला की लिहायचा कुठे?

तुमचा त्रास आमच्याकडे ढकलला, एवढंच झालं.

सतराशेसाठ

ध्रुवतारा यांच्याशी अर्धा सहमत. दोष सेकंदाचा नाही, प्रोग्रामरच्या सवयीचा आहे. दोन क्षणांमधलं अंतर मोजायला लोक संगणकाचं तारीख-वेळ दाखवणारं घड्याळ वापरतात. आधी वेळ बघायची, काम करायचं, पुन्हा वेळ बघायची, वजाबाकी. ती वजाबाकी कधी ऋण येईल हे कुणाच्या स्वप्नातही नसतं.

१ जानेवारी २०१७ ला क्लाउडफ्लेअर या इंटरनेट कंपनीच्या डीएनएसमध्ये (संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधणारी यंत्रणा) हेच झालं. त्यांचा गो भाषेतला प्रोग्राम, पलीकडच्या सर्व्हरने उत्तर द्यायला किती वेळ घेतला हे मोजायचा. लीप सेकंदाला वेळ मागे गेली, उत्तर विचारण्याच्या आधीच आल्यासारखं झालं, आकडा ऋण निघाला. तो पुढे यादृच्छिक आकडा काढणाऱ्या फंक्शनला दिला गेला, ज्याला ऋण आकडा अजिबात चालत नाही. प्रोग्राम कोसळला. मजा म्हणजे आकडा शून्य आला तर काय करायचं याची काळजी कोडमध्ये घेतलेली होती! त्यांनी '==' च्या जागी '<=' लिहिलं आणि काम झालं. म्हणजे 'शून्य असेल तर'च्या जागी 'शून्य किंवा त्याहून कमी असेल तर'. एका अक्षराची दुरुस्ती. याचा सविस्तर वृत्तांत त्यांनी स्वतःच प्रसिद्ध केला, हे कौतुकास्पद.

त्याच वर्षी गो भाषेने आपल्या वेळेच्या प्रकारातच कधीही मागे न जाणारं दुसरं घड्याळ बसवलं. खरं औषध हे. अंतर मोजायला एक घड्याळ, तारीख सांगायला दुसरं.

आळशी_कासव

अवांतर: लीप सेकंद सोडा, लोकांना लीप वर्षसुद्धा जमत नाही. ३१ डिसेंबर २००८ ला मायक्रोसॉफ्टचे ३० जीबीचे झून म्युझिक प्लेअर एकाच दिवशी मान टाकून बसले होते. कोड साधारण असा होता: दिवस ३६५ पेक्षा जास्त आहेत तोवर फेऱ्या मार, लीप वर्ष असेल आणि दिवस ३६६ पेक्षा जास्त असतील तर ३६६ वजा कर, लीप वर्ष नसेल तर ३६५ वजा कर. आता लीप वर्षाचा ३६६ वा दिवस घाला यात. ३६५ पेक्षा जास्त? हो, फेरी चालू. ३६६ पेक्षा जास्त? नाही, म्हणून वजा काहीच नाही. पुन्हा फेरी. पुन्हा. दिवस संपेपर्यंत. अधिकृत सल्ला काय होता, तर बॅटरी पूर्ण उतरू द्या आणि दुसऱ्या दिवशी दुपारनंतर चालू करा.

आणि एक्सेल अजूनही १९०० साल लीप मानतं, २९ फेब्रुवारी १९०० दाखवतं. लोटस १-२-३ या जुन्या स्प्रेडशीटमध्ये ती चूक होती, त्याच्या फायली जुळाव्यात म्हणून ती जाणूनबुजून तशीच उचलली. आता काढली तर जगातल्या फायलींतल्या तारखा एका दिवसाने हलतील म्हणून काढत नाहीत.

शंकासुर

रातपाळी, सतराशेसाठ, समजलं. वाचतोय. पण मग एक सांगा, पृथ्वी इतक्या झपाट्याने मंदावतेय का, की दीड-दोन वर्षांनी एक सेकंद घालावा लागतो? त्या हिशेबाने तर काही लाख वर्षांत ती थांबायलाच हवी.

मधुरा

हा गैरसमज सगळीकडे आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

पृथ्वी मंदावतेय हे खरं. चंद्रामुळे समुद्राला भरती येते, त्या पाण्याच्या हालचालीत घर्षण होतं आणि पृथ्वीची फिरण्याची ऊर्जा थोडीथोडी खर्च होते. तिचा कोनीय संवेग (फिरण्याचा जोर) चंद्राकडे जातो आणि तो वर्षाला ३.८ सेंटिमीटरने दूर सरकतो. अपोलोच्या अंतराळवीरांनी चंद्रावर ठेवलेल्या आरशांवर लेझर मारून हे मोजलेलं आहे. पण प्रत्यक्षात दिवस किती वाढतो? शंभर वर्षांत दोन मिलिसेकंदांहूनही कमी. एवढ्याने कोणी थांबत नाही.

मग लीप सेकंद इतके का लागले? कारण सेकंदाची लांबी. १९६७ ला अणूचा सेकंद ठरवला तो आधीच्या खगोलीय सेकंदाशी जुळवून, आणि तो खगोलीय सेकंद अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या निरीक्षणांवर बेतलेला होता. हिशेब केला तर दिवस बरोबर ८६,४०० सेकंदांचा होता तो १८२० च्या आसपास. म्हणजे आपला सेकंद जन्मतःच दीडशे वर्षं जुना. १९७० च्या दशकात दिवस त्यापेक्षा जवळपास तीन मिलिसेकंद मोठा होता. रोज तीन मिलिसेकंद साठले की वर्षात एक सेकंद होतो. म्हणून १९७२ ते १९७९ दरवर्षी सेकंद घालावा लागला, १९७२ मध्ये तर दोनदा. यात पृथ्वी दरवर्षी आणखी मंद होत नव्हती, फक्त उधारी साठत होती.

ही उधारी हजारो वर्षांत किती होते त्याचं एक उदाहरण मला फार आवडतं. इ.स.पू. १३६ मध्ये बॅबिलॉनला खग्रास सूर्यग्रहण दिसल्याची नोंद मातीच्या इष्टिकांवर आहे. पृथ्वी आजच्याच वेगाने तेव्हाही फिरत होती असं धरून गणित केलं तर ग्रहणाचा पट्टा बॅबिलॉनवरून जातच नाही, तो जवळजवळ ४९ अंश पश्चिमेला पडतो. तीन तासांहून जास्तीचा फरक. लिहिणाऱ्याने डोळ्यांनी पाहिलेलं आहे, त्यामुळे चूक गणितातल्या गृहीतकाची. पृथ्वी किती मंदावली हे त्या इष्टिकेवरून काढता येतं.

ध्रुवतारा

मधुराताई, बॅबिलॉनचं उदाहरण एकदम चपखल. आणि नेमकं म्हणूनच म्हणतो, वेळ ही आकाशाशी बांधलेली असावी. दोन हजार वर्षांनी कुणी आपल्या नोंदी वाचेल तर त्याला "दुपारी बारा" म्हणजे काय ते कळायला नको?

काटेकोर

ध्रुवतारा, "दुपारी बारा" आकाशाशी कधीच बांधलेले नव्हते हो. अख्ख्या चीनमध्ये एकच वेळ चालते, १२० अंश रेखांशाची. काशगर ७६ अंशांवर. तिथे सूर्य डोक्यावर येतो तेव्हा घड्याळात तीन वाजलेले असतात. तरी लोक जगतात. कित्येक देश उन्हाळ्यात घड्याळ चक्क एक तास पुढे करतात. या गोंधळात एका सेकंदाचं सोवळं पाळण्यात काय हशील? लीप सेकंद पूर्ण बंद केला तरी शंभर वर्षांत जेमतेम एक मिनिटाचा फरक पडेल.

आणि वेधशाळांना पृथ्वीची वेळ आजही वेगळी मिळतेच. दूरचे क्वेझार (अतिदूरच्या दीर्घिकांची तेजस्वी केंद्रं) रेडिओ दुर्बिणींनी टिपून ती रोज काढली जाते आणि प्रसिद्ध होते. ज्यांना हवी त्यांनी ती घ्यावी. उरलेल्या जगाला कशाला वेठीला धरायचं?

सतराशेसाठ यांचा मुद्दा मान्य, पण तो मला पुरेसा वाटत नाही. "प्रोग्रामरनी नीट लिहावं" हा उपाय नव्हे, ती इच्छा आहे.

आळशी_कासव

एक बाळबोध शंका. संगणकांनी आतून सरळ अणुवेळ पाळावी, लीप सेकंदाशिवायची, आणि माणसाला दाखवताना फक्त फरक वजा करावा. टाइमझोनचं तसंच करतो ना आपण? जीपीएस तर हेच करतं. ६ जानेवारी १९८० पासून एकही लीप सेकंद घातला नाही, आज यूटीसीच्या १८ सेकंद पुढे आहे. मोबाइल १८ वजा करून दाखवतो, कुणाला पत्ताही लागत नाही.

काटेकोर

बाळबोध नाही, हाच सर्वांत चांगला प्रस्ताव होता. अडचण भविष्याची आहे. समजा तुम्ही आज नोंद केली, पाच वर्षांनी अमुक तारखेला सकाळी दहाला काहीतरी सुरू व्हायला हवं. आजपासून तिथवर किती सेकंद? कुणीच सांगू शकत नाही, कारण मध्ये किती लीप सेकंद येतील ते पृथ्वी ठरवणार. म्हणजे प्रत्येक यंत्रात लीप सेकंदांचा तक्ता ठेवा, तो ताजा ठेवा. समुद्रतळाशी, उपग्रहात, बंद कारखान्यात जी यंत्रं वर्षानुवर्षं नेटशिवाय बसलेली आहेत त्यांना तक्ता कोण पोचवणार? टाइमझोनचा तक्ता चुकला तर माणूस ओरडतो. एका सेकंदाने चुकला तर कुणी ओरडत नाही, आणि तेच वाईट.

रातपाळी

यात ज्याचा उल्लेख व्हायलाच हवा तो जुगाड म्हणजे स्मिअर. गूगलने २००८ मध्ये सुरू केला. सेकंद एकदम घुसवायचाच नाही. तो २४ तासांवर पसरून टाकायचा. आदल्या दुपारपासून दुसऱ्या दुपारपर्यंत प्रत्येक सेकंद सुमारे ११.६ मायक्रोसेकंदांनी लांबवायचा. वेळ मागे जात नाही, ६० व्या सेकंदाचं तोंड बघावं लागत नाही, सगळे खूश.

सगळे म्हणजे ज्यांच्याकडे सगळी मशीन एकाच कंपनीची आहेत ते. मेटावाले २४ ऐवजी १७ तासांवर पसरतात. काही जण पसरतच नाहीत. मी ज्या टीममध्ये होतो तिथे आमचे अर्धे सर्व्हर स्मिअर करणाऱ्या घड्याळावरून वेळ घेत होते आणि अर्धे साध्या. हे कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण एरवी दोन्ही एकच वेळ सांगतात. लीप सेकंदाच्या मध्यरात्री दोघांत अर्ध्या सेकंदाचं अंतर. सकाळी लॉग लावून बसलो तर एका मशीनवर विनंती निघाली २३:५९:५८.७ ला, आणि दुसऱ्यावर ती पोचली २३:५९:५८.२ ला. उत्तर आधी, प्रश्न नंतर. वेळेनुसार क्रम लावणाऱ्या आमच्या प्रोग्रामने ती सगळी उत्तरं "अनाथ" ठरवून बाजूला टाकली होती. कोसळलं काहीच नाही. धोक्याची घंटा वाजली नाही. फक्त त्या रात्रीचा हिशेब कुठेच जुळेना आणि का जुळत नाही ते शोधायला मात्र लोक घाम गाळत होते.

कोसळलेला सर्व्हर परवडला, असं माझं मत झालंय. तो निदान सांगतो तरी.

सतराशेसाठ

अर्थात सगळ्यांनी एकाच प्रकारे स्मिअर करायचं ठरवलं असतं तरी भागलं असतं. पण ते ठरवायला जागतिक परिषद लागली असती, आणि परिषद भरवायचीच तर मग सेकंदच काढून टाका, असं झालं बहुधा.

शंकासुर

काडी टाकतो. वाय-टू-के आठवतं, २००० साल लागताना संगणकांच्या तारखा चुकणार म्हणून उठलेली हाकाटी? जग बुडणार म्हणाले, काही झालं नाही. हेही तसंच, संगणकवाल्यांचं पोट भरायचं साधन.

रातपाळी

काही झालं नाही कारण लोकांनी आधी कित्येक वर्षं खपून कोड दुरुस्त केला. धरण फुटलं नाही म्हणून ते बांधणाऱ्यांना वेड्यात काढायचं का?

पुढची तारीख लिहून ठेवा: १९ जानेवारी २०३८, यूटीसीनुसार पहाटे ३ वाजून १४ मिनिटं ७ सेकंद. १९७० पासूनचे सेकंद ३२ बिटांच्या चिन्हांकित (धन-ऋण दोन्ही मावणाऱ्या) आकड्यात ठेवणारी यंत्रं त्यानंतर आकडा उलटून ऋण झाल्याने डिसेंबर १९०१ मध्ये जातील. त्याच्याही आधी ७ फेब्रुवारी २०३६ ला एनटीपीचा (नेटवरून संगणकांची घड्याळं जुळवणाऱ्या पद्धतीचा) ३२ बिटांचा सेकंदमापक उलटून शून्यावर येईल. तो १९०० पासून मोजतो. नव्या ६४ बिटी यंत्रांना चिंता नाही, ३२ बिटी लिनक्सच्या गाभ्यातही २०२० च्या ५.६ आवृत्तीपासून सोय झाली आहे. पण भिंतीत चिणलेली, कपाटात विसरलेली छोटी यंत्रं? त्यांना कुणी अपडेट करत नाही.

मधुरा

परत पृथ्वीकडे येते, कारण खरी गंमत पुढे आहे. २०२० पासून ती उलट वेगात आली आहे. ५ जुलै २०२४ चा दिवस ८६,४०० सेकंदांपेक्षा १.६६ मिलिसेकंदांनी लहान भरला. चंद्र तिला मंदावतोच आहे, पण पोटातला द्रवरूप गाभा आणि वरचं कवच यांच्यात संवेगाची देवाणघेवाण चालू असते आणि ती दशकांच्या हिशेबाने दिवस लहानमोठा करते. गाभा जरा मंदावला की वरचा भाग वेग घेतो.

हे असंच चाललं तर एक दिवस सेकंद घालायचा नाही, काढावा लागेल. २३:५९:५८ नंतर थेट ००:००:००. ऋण लीप सेकंद. १९७२ पासून नियमात आहे, पण एकदाही वापरलेला नाही. २०२४ च्या मार्चमध्ये डंकन ॲग्न्यू यांचा 'नेचर'मध्ये लेख आला होता. ध्रुवांवरचा बर्फ वितळून पाणी विषुववृत्ताकडे पसरतं, वस्तुमान आसापासून दूर जातं, फिरणं किंचित मंदावतं. त्यांच्या मते हे झालं नसतं तर ऋण सेकंद २०२६ लाच लागला असता, वितळण्यामुळे तो २०२९ पर्यंत लांबला.

शंकासुर

आलं का हवामानबदल इथेही! घड्याळ चुकलं तरी तोच.

मधुरा

हवामानबदल नको असेल तर गुरुत्वमापन घ्या. गुरुत्वाकर्षणातले बारीक बदल टिपणाऱ्या ग्रेस उपग्रहांच्या जोडीने २००२ ते २०१७ नेमकं हेच मोजलं: ग्रीनलंड आणि अंटार्क्टिकावरचं वस्तुमान किती कमी झालं. पाणी तिकडून इकडे आलं की पृथ्वीचं जडत्व (फिरण्यातला बदल रोखण्याचा गुण) बदलणारच, त्याला कुणाचं मत विचारावं लागत नाही. भाकिताच्या सालावर शंका घ्या, ती रास्त आहे. गाभा पुढे काय करेल हे सांगणं कठीणच.

काटेकोर

आणि माझ्या मूळ मुद्द्याला याहून चांगलं उदाहरण नाही. घालायचा सेकंद २७ वेळा घालून झाला तरी लोक पडले. काढायचा सेकंद एकदाही चाललेला नाही. तो कोड आहे का, लिहिलाय का, लिहिणारा अजून त्या कंपनीत आहे का, काही सांगता येत नाही.

ध्रुवतारा

बरं, मग तुमच्याच तर्काने पुढे जाऊ. क्वचित घडतं ते मोडतं, बरोबर? २०२२ च्या ठरावाने लीप सेकंद नष्ट केलेला नाही. फरकाची मर्यादा वाढवायची एवढंच ठरलं, किमान शंभर वर्षं पुरेल इतकी. म्हणजे आज तीन-चार वर्षांनी येणारा एक सेकंद उद्या शतकातून एकदा येणारं एक मिनिट होणार. त्या मिनिटाची चाचणी कोण करणार? ज्यांनी कोड लिहिला त्यांची पतवंडं? तुम्ही दुखणं बरं केलं नाहीत, पुढच्या पिढ्यांच्या नावावर चढवलंत. व्याजासकट.

सतराशेसाठ

हा मात्र नेमका घाव आहे. काटेकोर, उत्तर द्या.

काटेकोर

देतो. लीप मिनिट कधी येईल असं मला वाटत नाही. शंभर वर्षांनी लोक बघतील की फरक मिनिटाचा झालाय, आणि कुणाला काही वाटत नाहीये, मग मर्यादा पुन्हा वाढवतील. कित्येक शतकांनी फरक तासाचा होईल तेव्हा देश आपापला टाइमझोन एका तासाने सरकवतील. त्याची यंत्रणा आजही आहे आणि ती रोज वापरात आहे. जगात कुठला ना कुठला देश दर वर्षी आपला झोन किंवा उन्हाळी वेळेचा नियम बदलत असतो आणि टाइमझोनचा तक्ता अद्ययावत होतो. चालत्या रस्त्याने जाणं केव्हाही बरं.

ध्रुवतारांना हे पटणार नाही, ठाऊक आहे.

ध्रुवतारा

नाहीच पटणार. "कुणाला काही वाटणार नाही" हे विज्ञान नव्हे. पण ऋण सेकंद न आणता प्रकरण मिटत असेल तर तेवढ्यापुरतं मी गप्प बसतो.

आळशी_कासव

चंद्रावरच्या वेळेचं काय झालं पुढे? एप्रिल २०२४ मध्ये व्हाइट हाउसने नासाला २०२६ अखेरपर्यंत चंद्राची प्रमाणवेळ ठरवायला सांगितलं होतं. तिथे गुरुत्व कमी, त्यामुळे घड्याळ पृथ्वीपेक्षा दिवसाला ५०-६० मायक्रोसेकंद पुढे पळतं. आता तिथे कुणी लीप सेकंद घालू नका म्हणजे मिळवली.

मधुरा

त्यावर वेगळं लिहावं लागेल. आता तर प्रकाशीय घड्याळं (प्रकाशलहरींची आवर्तनं मोजणारी अणुघड्याळं) इतकी बारीक झाली आहेत की २०२२ मध्ये प्रयोगशाळेत एक मिलिमीटर उंचीच्या फरकाने वेळेचा वेग बदललेला टिपला. सेकंदाची व्याख्याच २०३० च्या सुमारास बदलायचा विचार चालू आहे. म्हणजे चंद्राचं सोडा, टेबलावरचं आणि टेबलाखालचं घड्याळ एक नाही.

शंकासुर

शेवटचा प्रश्न. आजवर जे सेकंद घातले त्यांचं काय? बंद केल्यावर ते परत काढणार का?

रातपाळी

नाही. १९७२ ला सुरुवातच १० सेकंदांच्या फरकाने झाली होती, त्यात २७ मिळवा: अणुवेळ आणि यूटीसीमध्ये आज ३७ सेकंदांचं अंतर आहे. ते तिथेच गोठेल. जीपीएसचे १८ही तसेच राहतील. ग्लोनासवाल्यांचं (जीपीएससारखी रशियाची उपग्रह यंत्रणा) काम मात्र वाढलं, कारण ते जीपीएससारखं अलिप्त न राहता लीप सेकंद स्वतःच्या वेळेत घेतात. रशियाला ही घाई नको होती ती त्यामुळेच. २०३५ च्या आधी ऋण सेकंद आला तर ३७ चे ३६ होतील. ती ड्यूटी माझ्याकडे नसावी एवढंच म्हणतो.